सृष्टिशास्त्र आणि समाज : जालन्याच्या बियाण्याची कथा

सृष्टिशास्त्राचा समाजावर काय परिणाम झाला असें विचारलें, तर सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम यंत्रें उभीं राहतात. आगगाडी, विजेचा दिवा, नभोवाणी, हल्लींचा मुठींत मावणारा दूरध्वनि, हीं शास्त्राचीं लेकरें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु यंत्र हें माणसाच्या बाहेर राहतें. तें विकत घेतां येतें, मोडलें तर टाकून देतां येतें. शास्त्राचा खोल परिणाम याहून निराळ्या ठिकाणीं होत असतो. माणूस काय खातो, काय सांठवतो, कोणावर विश्वास ठेवतो, शेजाऱ्याशीं कसा वागतो, घरांतील ज्ञान कोणाच्या हातीं असतें, या गोष्टी बदलल्या म्हणजे समाज बदलला असें खुशाल समजावें. असा पालट घडवून आणणारी एक वस्तु आकारानें अगदीं लहान आहे. ती म्हणजे पेरणीचा दाणा. त्याची कथा पाहावयाची तर महाराष्ट्रांत जालन्याइतकें योग्य ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल.

कुंडलिका नदीच्या कांठचें हें गांव जुन्या काळापासून पेठेचें म्हणून प्रसिद्ध आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण त्या भरभराटीची साक्ष देते. १९४८ सालीं हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. भोंवतालीं काळी जमीन, पाऊस सातशें मिलिमीटरच्या आसपास आणि तोहि बेभरंवशाचा. ज्वारी, बाजरी, तूर आणि कापूस हीं येथील परंपरागत पिकें. अशा कोरडवाहू मुलखांत, मोठी प्रयोगशाळा वा विद्यापीठ जवळ नसतांना, बियाण्याचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला कीं, जालन्याचें नांव देशांतील शेतकऱ्यांच्या तोंडीं बसलें.

या पालटाचें मोल कळण्यास आधीं जुनी रीत लक्षांत घेतली पाहिजे. पूर्वीं पेरणीचें बीं बाजारांतून क्वचितच येई. पीक उभें असतांना शेतकरी टपोरीं, निरोगी कणसें हेरून ठेवी. खळ्यावर तीं निराळीं मळलीं जात. पुढचें काम घरांतील स्त्रियांचें. दाणे उन्हांत वाळवावयाचे, राख लावून वा कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांत किंवा कणगींत भरावयाचे. काकडी-भोपळ्याच्या बिया तर शेणांत कालवून भिंतीवर थापून ठेवीत. कोणतें बीं कोणत्या रानाला मानवतें, कोणत्या ज्वारीची भाकरी मऊ होते, कोणतीचा कडबा जनावरें आवडीनें खातात, हें ज्ञान सासूकडून सुनेकडे जाई. वाईट सालीं बीं पोटांत जाई आणि मग सावकाराकडून सवाई-दिढीनें धान्य आणावें लागे, हीहि त्या रीतीची दुसरी बाजू होती. जुना काळ सगळा सोन्याचा नव्हता. उत्पन्न थोडें, कीड-रोग पुष्कळ, आणि दुष्काळ तर पाठीशीं बसलेलाच. तथापि बीं हें घरचें होतें आणि त्याची परीक्षाहि घरचीच होती.

इकडे युरोपांत ब्रुन शहरच्या मठांतील ग्रेगोर मेंडेल नांवाच्या धर्मोपदेशकानें वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून १८६६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. उंच आणि ठेंगण्या वाटाण्यांचा संकर केला असतां पहिल्या पिढींत सर्व रोपें उंच येतात. त्या उंच रोपांचें बीं पेरलें तर दुसऱ्या पिढींत तीन उंचांमागें एक ठेंगणें, या प्रमाणांत संतति येते. म्हणजे ठेंगणेपणाचा गुण नष्ट झाला नव्हता, तो नुसता दडून बसला होता. आईबापांचे गुण दुधापाण्यासारखे एकजीव होत नाहींत, ते सुटे राहून पुढें जातात, हा या शोधाचा मथितार्थ. त्याची दखल जगानें १९०० सालीं घेतली. पुढें १९०८ च्या सुमारास अमेरिकेंत जॉर्ज शल यानें मक्यावर काम करतांना असें दाखविलें कीं, अनेक पिढ्या स्वतःच्याच परागांवर वाढवून शुद्ध केलेल्या दोन ओळींचा संकर केला, तर पहिली पिढी आईबापांहून पुष्कळच जोमदार निपजते. यालाच संकरजोम म्हणतात.

या जोमांत एक मेख आहे, आणि पुढील सारी सामाजिक कथा तिच्याभोंवतीं फिरते. हा जोम पहिल्या पिढीपुरता असतो. त्या पिकांतील दाणे राखून पुढल्या वर्षीं पेरले, तर मेंडेलच्या नियमाप्रमाणें गुण पुन्हां विखुरतात. कांहीं ताटें उंच, कांहीं बुटकीं. कांहीं लवकर निसवतात, कांहीं उशिरा. आणि उत्पन्न घटतें. म्हणून संकरित बीं दर वर्षीं नवें घ्यावें लागतें. यांत कोणाचें कपट नाहीं. हा सृष्टीचाच नियम आहे. परंतु याच नियमानें बियाणें घरांतून निघून बाजारांत गेलें. सृष्टीचा नियम समाजाची घडी कशी बदलतो याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

ज्वारीच्या बाबतींत आणखी एक अडचण होती. तिचें फूल बारीक, आणि त्यांत स्त्रीकेसर व पुंकेसर एकत्रच. हातानें लाखों फुलांचे परागकोश काढणें अशक्य. १९५४ च्या सुमारास अमेरिकेंत ज्वारीची नरवंध्य ओळ, म्हणजे जिच्यांत पराग कामाचेच नसतात अशी ओळ, उपयोगांत आणण्याची रीत सिद्ध झाली आणि ही अडचण दूर झाली. भारतांत १९६४ सालीं सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली, आणि पुढल्याच वर्षीं एच.बी.-१ ही संकरित बाजरी आली. त्याआधीं १९६३ सालीं राष्ट्रीय बीज निगम स्थापन झालें होतें. शास्त्रज्ञांनीं वाण निर्माण केला. पण तो लाखों शेतकऱ्यांच्या हातीं पोंचवावयाचा कसा, हा प्रश्न प्रयोगशाळेंत सुटणारा नव्हता.

तो सोडविण्याच्या कामीं जालन्याचे बद्रीनारायण बारवाले हे पुढें आले. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें 'पुसा सावनी' नांवाची भेंडी तयार केली होती. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणुरोगापुढें ती त्या काळीं टिकाव धरी. या भेंडीचें बियाणें वाढवून विकण्यापासून बारवाले यांच्या कार्याचा आरंभ झाला, आणि १९६४ सालीं त्यांनीं 'महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी', म्हणजेच 'महिको', ही संस्था जालन्यांत काढली. १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ सालीं पद्मभूषण हा किताब मिळाला. २०१७ सालीं ते निवर्तले. एका संस्थेच्या पाठोपाठ दुसऱ्या अनेक निघाल्या आणि जालना ही बियाण्याची पेठ बनली.

बीजोत्पादन हें साध्या शेतीहून वेगळें काम आहे. संकरित ज्वारीच्या शेतांत चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, असा क्रम ठेवावा लागतो. दोन्ही एकाच वेळीं फुलोऱ्यांत याव्या म्हणून पेरणीच्या तारखा मोजून ठरवाव्या लागतात. सभोंवतीं सुमारे दोनशें मीटरपर्यंत दुसरी ज्वारी चालत नाहीं. कारण वारा कोणाचा पराग कोठें नेईल याचा नेम नाहीं. भेसळीचें ताट दिसतांच फुलण्याआधीं उपटावें लागतें. या कामानें शेतकऱ्यास तारीख, अंतर आणि नोंद यांची संवय लागली. 'अंदाजे' या शब्दावर चालणाऱ्या व्यवहारांत 'मोजून' हा शब्द शिरला. शेजाऱ्यानें काय पेरलें आहे हें आपल्या शेताच्या हिशेबांत धरावें लागतें, हेंहि लोकांना प्रथमच उमगलें.

कापसाचें संकरित बीं तयार करण्याची रीत तर सर्वस्वीं हातांवर अवलंबून आहे. जगांतील पहिला व्यापारी संकरित कापूस 'एच-४' हा सुरत येथील शास्त्रज्ञ सी. टी. पटेल यांनीं १९७० सालीं दिला. त्याचें बीं करावयाचें तर दुसऱ्या दिवशीं उमलणारी कळी आदल्या सायंकाळीं हेरून तिच्या पाकळ्या व परागकोश नखानें अलगद काढावे लागतात, आणि सकाळीं नरफुलाचा पराग तिच्यावर घासावा लागतो. प्रत्येक बोंडामागें हें असें. हें काम बहुतांशीं स्त्रियांच्या हातांनीं झालें. जालना जिल्ह्यांत आणि शेजारच्या बुलढाण्यांतील देऊळगांव राजाकडे आज जाळीच्या मंडपांत भाजीपाल्याचें संकरित बीं होतें, तेथेंहि तीच गोष्ट. स्त्रियांना मजुरी मिळाली, घरांत रोख पैसा आला. परंतु याच धंद्यांत देशाच्या कांहीं भागांत लहान मुलींना शाळेंतून काढून कामाला लावल्याच्या तक्रारीहि झाल्या. पूर्वीं कणगीची मालकीण असलेली स्त्री आतां बियाण्याची कारागीर झाली. तिचें कौशल्य वाढलें, पण बियाण्यावरचा तिचा अधिकार गेला. लाभ आणि हानि यांचा हिशेब असा एकाच ओळींत मांडावा लागतो.

समाजानें हें नवें पीक मुकाट्यानें स्वीकारलें असें मात्र नाहीं. संकरित ज्वारीनें उत्पन्न वाढलें, आणि १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या आगेंमागें धान्याची चणचण असतांना तिचा आधार मोठा होता. पण खरिपाची ती ज्वारी काढणीच्या वेळीं पावसांत सांपडली कीं काळी पडे. भाकरीलाहि जुनी गोडी नसे. 'हायब्रीड' हा इंग्रजी शब्द मराठींत रुळला तो याच वेळीं, आणि लोकांनीं त्याला निराळाच अर्थ दिला. दिसायला भरदार पण आंतून पोकळ, अशा कोणत्याहि गोष्टीला, एवढेंच काय नव्या पिढीच्या पोरांनाहि, म्हातारीं माणसें 'हायब्रीड' म्हणूं लागलीं. रब्बीच्या ज्वारीनें तर संकराला दाद दिलीच नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ येथें देशी ज्वारींतून निवडलेला 'मालदांडी' म्हणजे एम ३५-१ हा जुना वाण आजहि रब्बींत आपलें स्थान राखून आहे. कमी ओलीवर येणारा, पांढरा दाणा आणि चवदार भाकरी देणारा वाण सोडावयास शेतकरी तयार झाला नाहीं. शास्त्र समाजाची परीक्षा घेतें, तसा समाजहि शास्त्राची परीक्षा घेत असतो.

सृष्टीनेंहि आपली परीक्षा घेतलीच. संकरित बाजरीचीं शेतें जिकडेतिकडे एकाच घडणीचीं झालीं, तेव्हां १९७० नंतरच्या वर्षांत केवडा किंवा गोसावी या बुरशीरोगानें त्यांवर मोठा घाला घातला. कणसांच्या जागीं पानांचे झुबके दिसूं लागले. जुन्या मिश्र पिकांत सर्वच ताटें एका रोगाला बळी पडत नसत. एकसारखेपणांत मात्र सर्वांचें मरण एकदम येतें. शास्त्रज्ञांनीं मग रोगाला तोंड देणारे नवे संकर काढले. परंतु एक धडा कायमचा मिळाला : शास्त्राचें उत्तर हें त्या काळापुरतें उत्तर असतें, प्रश्न पुन्हां रूप बदलून दारीं येतो.

कापसाच्या बोंडअळीनें हाच धडा अधिक कठोरपणें दिला. 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' नांवाच्या जंतूंत अळीला मारक असें प्रथिन असतें. त्याचा जनुक कापसाच्या झाडांत घालून तयार केलेल्या बीटी कापसाला भारत सरकारनें मार्च २००२ मध्यें परवानगी दिली. पहिल्या तिन्ही संकरांचें बीं महिकोचेंच होतें. आरंभीं ४५० ग्रॅमच्या पिशवीस सुमारें सोळाशें रुपये पडत. आंध्र प्रदेश सरकारनें विरोध केल्यावर २००६ सालीं ती किंमत साडेसातशेंवर आली, आणि २०१५ सालीं केंद्र सरकारनें कापूस-बियाण्याच्या दरावर नियंत्रण ठेवण्याचा आदेशच काढला. थोड्याच वर्षांत देशांतील बहुतेक कापूस बीटी झाला. हिरव्या अळीवरील फवारण्या प्रथम पुष्कळ कमी झाल्या, हें खरें.

परंतु प्रत्येक पिशवीबरोबर एक लहान पुडी येई. तिच्यांत साधें, बीटी नसलेलें बीं असे. तें शेताच्या कडेनें लावावयाचें होतें. त्यांतील युक्ति अशी : कडेच्या साध्या झाडांवर कांहीं साध्या अळ्या जगाव्या, त्यांचे पतंग विषाला न जुमानणाऱ्या थोड्या पतंगांशीं मिसळावे, म्हणजे निगरगट्ट अळ्यांची जात वाढूं नये. शेतकऱ्याला वाटे, मुद्दाम किडीला घांस कां घालावा? त्यानें पुडी बांधावर टाकली. त्याला हें कारण त्याच्या भाषेंत नीट समजावून सांगणारेहि थोडेच होते. शिवाय डिसेंबरनंतर कापूस उपटून टाकण्याऐवजीं पाणी देऊन फरदड घेण्याची चाल वाढली आणि गुलाबी बोंडअळीला बारमाही आश्रय मिळाला. परिणामीं २०१७ सालीं महाराष्ट्रांत गुलाबी अळीनें कहर केला. जी अळी मरावयाची तीच बीटी बोंडांत सुखानें नांदूं लागली.

येथें दोष केवळ शास्त्राला देणें बरोबर नाहीं, आणि केवळ शेतकऱ्यालाहि नाहीं. शोध समाजाच्या हातीं आला, पण त्या शोधामागचा विचार आला नाहीं. वस्तु विकली गेली, ज्ञान वाटलें गेलें नाहीं. आज गुलाबी अळीवर जो उपाय सांगितला जातो तो एकट्यानें करण्यासारखा नाहीं. साऱ्या गांवानें फरदड सोडावी, पऱ्हाट्यांचे ढीग शेताशेजारीं ठेवूं नयेत, कामगंध सापळे लावावे. एकानें केलें आणि दहांनीं सोडलें तर केलेलेंहि व्यर्थ. पतंगाला सातबाराची हद्द कळत नाहीं. ज्या गोष्टी संतांनीं परमार्थासाठीं सांगितल्या, त्याच शेजारधर्माच्या गोष्टी आतां कीटकशास्त्र रोकड्या नफ्यातोट्याच्या भाषेंत सांगत आहे.

शास्त्राला समाजाची संमति लागते, हें २०१० सालीं दिसून आलें. महिकोनें बीटी वांगें तयार केलें होतें. देशभर जाहीर सभा होऊन मतें ऐकलीं गेलीं आणि फेब्रुवारी २०१० मध्यें केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं त्यास स्थगिति दिली. बांगलादेशानें पुढें तेंच वांगें आपल्या शेतकऱ्यांना दिलें. या दोन निर्णयांपैकीं कोणता शहाणपणाचा, याविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. पण शेतांतील एका भाजीवर सर्वसामान्य माणसानें आपलें मत मांडावें, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीं कोणाच्या स्वप्नांतहि आली नसती. कायद्यानेंहि समाजाची बाजू सांभाळण्याचा यत्न केला. १९६६ च्या बियाणें कायद्यानें पिशवीवर उगवणशक्ति लिहिणें भाग पाडलें, आणि २००१ च्या वनस्पति-वाण संरक्षण कायद्यानें शेतकऱ्यास आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, आणि छापील नांवाविना विकण्याचाहि हक्क दिला.

सर्वच बियाणें दर वर्षीं विकत घ्यावें लागतें असेंहि नाहीं. जालना जिल्ह्यांतच बदनापूर येथें कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र आहे. तुरीचे 'बीडीएन-७११', 'बीएसएमआर-७३६' यांसारखे वाण तेथून निघाले. मर आणि वांझ या रोगांपुढें तूर उभी राहावी, थोड्या ओलींत पिकावी, हा त्यांमागचा हेतु. शहरांतील घरोघरीं शिजणाऱ्या वरणामागें अशा शांतपणें चाललेल्या कामाचा हात असतो. हे सरळ वाण आहेत, संकरित नव्हेत. नीट जपलें तर त्यांचें बीं शेतकऱ्याला कांहीं वर्षें घरचें पेरतां येतें. सोयाबीनचेंहि तसेंच.

२०२० सालीं मराठवाड्यांत विकत घेतलेलें सोयाबीनचें बियाणें उगवलें नाहीं अशा तक्रारी पुष्कळ झाल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलें. त्या वेळेपासून एका साध्या प्रयोगाला विशेष महत्त्व आलें आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या रांगेनें शंभर दाणे मांडावे, गोणपाट गुंडाळून सावलींत ठेवावें, ओल राखावी आणि आठवड्यानें मोड मोजावे. सत्तर वा अधिक उगवले तर बीं पेरण्याजोगें. कमी उगवले तर प्रमाणानुसार बीं वाढवावें, आणि फारच कमी असतील तर तें पेरूंच नये. हा प्रयोग करावयास पैसा लागत नाहीं, पदवी लागत नाहीं. शंभरापर्यंत अंक मोजतां आले म्हणजे पुरे.

शास्त्राचा समाजावरील खरा संस्कार या गोणपाटांत आहे. पिशवीवरचें चित्र, दुकानदाराची भलावण, शेजाऱ्याचें ऐकीव, पंचांगांतलें भाकीत, या सर्वांच्या आधीं स्वतः मोजून पाहावें, आणि जें दिसेल तें आपल्या आवडीविरुद्ध असलें तरी मानावें, ही ती वृत्ति. शास्त्राला देव मानून त्याच्या नांवानें येणारी प्रत्येक वस्तु डोळे मिटून घेणारा, आणि शास्त्राला राक्षस मानून सर्वच नाकारणारा, हे दोघेहि या वृत्तीला सारखेच पारखे आहेत.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हा विषय आपल्या दारापासून दूर वाटण्याचें कारण नाहीं. बाजारच्या संकरित टोमॅटोच्या बिया घरांतील मुलांनीं कुंडींत पेराव्या आणि येणारीं रोपें एकमेकांपासून कशी निराळीं निघतात तें पाहावें. मेंडेलचा नियम गच्चीवर समजेल. जालन्याच्या शेतकऱ्यानें गेल्या साठ वर्षांत हा नियम स्वतःच्या पैशानें, घामानें आणि कधीं नुकसानीनें शिकून घेतला आहे. कणगीचा काळ परत येणार नाहीं, आणि तो जसाच्या तसा परत यावा असेंहि नाहीं. परंतु कणगीजवळ जी पारख होती ती मोहोरबंद पिशवीच्या काळांतहि घरांत राहिली पाहिजे. बीं विकत आणतां येतें. पारख विकत मिळत नाहीं.